आकाशगंगेच्या केंद्रातला जादा गॅमा प्रकाश: कृष्णद्रव्याचा दावा स्वतः तपासायचा तर

आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारे गॅमा किरण मोजायचे आणि त्यातून ठाऊक असलेल्या सगळ्या उगमांचा वाटा वजा करायचा. तरीही १ ते ३ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; ऊर्जा आणि कणांचं वस्तुमान दोन्ही यात मोजतात) ऊर्जेच्या आसपास थोडा प्रकाश शिल्लक राहतो. लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी २००९ साली हे पहिल्यांदा मांडलं. हा शिल्लक प्रकाश केंद्राभोवती साधारण गोलाकार पसरलेला आहे आणि केंद्रापासून निदान दहा अंशांपर्यंत सापडतो. कृष्णद्रव्याचे, म्हणजे स्वतः न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचे, ४०-५० जीईव्ही वस्तुमानाचे कण एकमेकांना भिडून नाहीसे होत असतील, तर त्यांच्या गॅमा किरणांचा वर्णपट जसा दिसायला हवा तसाच याचाही दिसतो. अडचण अशी की मिलिसेकंद पल्सारांचा, म्हणजे सेकंदाला शेकडो गिरक्या घेणाऱ्या मृत ताऱ्यांचा, वर्णपटही जवळपास असाच असतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

या वादाची मूळ सामग्री सगळ्यांना खुली आहे. फर्मी या गॅमा किरणांच्या अवकाशदुर्बिणीने ऑगस्ट २००८ पासून टिपलेल्या फोटॉनांची यादी कुणालाही फुकट उतरवून घेता येते, आणि त्यावर काम करायची साधनंही फुकट आहेत. पायथन बऱ्यापैकी येत असेल, पॉयसाँ वितरण म्हणजे काय हे माहीत असेल आणि लिनक्स किंवा मॅक संगणक हाताशी असेल, तर घरबसल्या हा दावा तपासता येतो. तो कसा, ते पायरीपायरीने सांगते.

जादा प्रकाश सापडणं अवघड नाही. थोडी चिकाटी ठेवली तर तो तुमच्याही नकाशावर उमटेल. अवघड आहे ते 'जादा' कशाच्या तुलनेत, हे प्रामाणिकपणे सांगणं. म्हणून पार्श्वभूमी आणि फेरतपासणी या दोन टप्प्यांवर मी रेंगाळणार आहे. बाकीचं भराभर उरकू.

आधी कागद-पेन्सिल

डेटा उतरवण्याआधी एक हिशेब हाताने करा. पुढे संगणक जे आकडे देईल त्यांतले कोणते विश्वास ठेवण्याजोगे आहेत, ते या हिशेबामुळे कळतं.

विलोपनातून, म्हणजे कण भिडून नाहीसे होण्यातून, येणाऱ्या फोटॉनांचा प्रवाह तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळतो. पहिली, विलोपनाचा दर भागिले ८π आणि कणाच्या वस्तुमानाचा वर्ग यांचा गुणाकार. दुसरी, एका विलोपनातून निघणाऱ्या फोटॉनांची संख्या. तिसरी, जे-घटक, म्हणजे कृष्णद्रव्याच्या घनतेचा वर्ग आपल्या दृष्टिरेषेवर आणि आकाशाच्या निवडलेल्या तुकड्यावर बेरीज करून येणारा आकडा. घनतेचा वर्ग का, तर भिडायला दोन कण लागतात. घनता दुप्पट झाली की भिडण्याचे प्रसंग चौपट होतात.

दरासाठी एक नैसर्गिक खूणगाठ आहे. विश्व तरुण आणि तापलेलं असताना हे कण सतत जन्मत आणि नाहीसे होत होते. प्रसरणामुळे ते विरळ झाले, एकमेकांना सापडेनासे झाले आणि जेवढे उरले तेवढे उरले. आज दिसतं तितकंच कृष्णद्रव्य उरायला हवं असेल, तर विलोपनाचा दर साधारण २.२ गुणिले १० चा उणे २६ वा घात घन सेंटिमीटर प्रति सेकंद असायला हवा. स्टाइगमन, दासगुप्ता आणि बीकम यांनी २०१२ मध्ये तो बारकाईने काढला. जुन्या लेखांत सरधोपट ३ धरलेला दिसतो. पुढे सगळीकडे याला मी 'औष्णिक दर' म्हणेन.

आता ड्रॅको ही आकाशगंगेची छोटी सोबतीण दीर्घिका घ्या. तिचा जे-घटक साधारण ६ गुणिले १० चा १८ वा घात आहे, एकक जीईव्हीचा वर्ग प्रति सेंटिमीटरचा पाचवा घात. वस्तुमान ४० जीईव्ही धरा, दर औष्णिक धरा आणि एका विलोपनातून १ जीईव्हीच्या वरचे फोटॉन ढोबळमानाने सात धरा. गुणाकार केला की उत्तर येतं: एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, तीन हजार वर्षांत दोन-तीन फोटॉन.

फर्मीचं क्षेत्रफळ आणि तिने दहा वर्षांत आकाशाच्या एका बिंदूकडे पाहिलेला वेळ यांचा गुणाकार मोठा आहे, सुमारे ४ गुणिले १० चा ११ वा घात चौरस सेंटिमीटर सेकंद. तरीही ड्रॅकोतून दहा वर्षांत सगळे मिळून दहाच फोटॉन हाती येतात. त्याच दिशेला एक अंश त्रिज्येच्या वर्तुळात इतर कारणांनी आलेले फोटॉन मात्र काही शे असतात. काही शेंमध्ये दहांची भर पडली तर ती चढउतारातच विरून जाते. ड्रॅकोसारख्या एकट्या बटुदीर्घिकेवरून (छोट्या सोबतीण दीर्घिकेवरून) निकाल का लागत नाही, हे इथेच कळतं.

केंद्राभोवतीच्या एक अंश वर्तुळाचा जे-घटक ड्रॅकोच्या शेकडो ते हजारपट आहे. तिथे फोटॉन हजारांनी यायला हवेत आणि येतातही. पण तिथली पार्श्वभूमीही आकाशातली सर्वांत प्रखर आहे. जादा प्रकाशाचा वाटा त्या भागातल्या एकूण गॅमा प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. म्हणजे बाकीचे नऊ हिस्से तुम्ही किती अचूक मांडता यावर दहाव्याचं अस्तित्व अवलंबून आहे. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुर्बीण नेमकं काय टिपते

गॅमा किरण आरशाने वळवता येत नाहीत. सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या फर्मीच्या मुख्य उपकरणात फोटॉन शिरतो, बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचात काहीही खूण न सोडता आत येतो आणि टंगस्टनच्या पातळ पत्र्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोडीत बदलतो. ती जोडी सिलिकॉनच्या पट्ट्यांवर थर ओलांडत जाते, मागे दोन रेषांचा माग ठेवते आणि तळाच्या सिझियम आयोडाइडच्या स्फटिकांत आपली ऊर्जा टाकते. दिशा त्या मागावरून काढतात, ऊर्जा स्फटिकांतल्या उजेडावरून. प्रोटॉनसारखा विद्युतभारित कण आला तर कवच आधीच खूण देतं आणि तो बहुतेक वेळा बाद होतो.

इथली एक गोष्ट पुढे सतत लागेल: ऊर्जा जितकी कमी, तितकी दिशा अस्पष्ट. ०.१ जीईव्हीच्या फोटॉनची दिशा सुमारे पाच अंशांनी चुकू शकते, १ जीईव्हीला ०.८ अंशांनी, १० जीईव्हीच्या वर साधारण ०.१ अंशाने. केंद्र आपल्यापासून सुमारे ८.२ किलोपार्सेक (साधारण २७ हजार प्रकाशवर्षे) दूर आहे, म्हणजे तिथे एक अंश जवळजवळ पावणेपाचशे प्रकाशवर्षांचा. कमी ऊर्जेला केंद्रातल्या सगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. म्हणून पहिल्या प्रयत्नात ०.५ जीईव्हीच्या खाली जाऊच नका.

डेटा उतरवणं आणि चाळणं

फर्मीच्या संकेतस्थळावर शोधाचा अर्ज आहे. त्यात पुढचे आकडे भरा. मध्यबिंदू: विषुवांश २६६.४२ अंश, क्रांती उणे २९.०१ अंश, हे केंद्रातल्या कृष्णविवराचं स्थान. त्रिज्या ३० अंश, ऊर्जा ५०० ते ३,००,००० एमईव्ही (१,००० एमईव्ही म्हणजे १ जीईव्ही). सुरुवातीची वेळ २३९५५७४१७. हा आकडा १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांचा आहे आणि ४ ऑगस्ट २००८ दाखवतो, फर्मीचं नियमित निरीक्षण सुरू झालं तो दिवस. फोटॉनांच्या फाइलींबरोबर यानाच्या स्थितीची फाइल उतरवायला विसरू नका. तिच्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकता येत नाही.

मग फर्मीटूल्स बसवा आणि जोडीला फर्मीपाय. जीटीसिलेक्ट या आज्ञेने चाळणी लावायची. साध्या कामाला 'सोर्स' हा वर्ग (१२८) चालतो. पसरट आणि मंद प्रकाशासाठी मी 'अल्ट्राक्लीनव्हेटो' (१०२४) वापरते. फोटॉन कमी मिळतात, पण चुकून आत आलेले भारित कणही कमी होतात. शिरोबिंदूपासूनच्या कोनाची मर्यादा ९० अंश ठेवा. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान भारित कण, पृथ्वीच्या वातावरणावर आपटून गॅमा किरण तयार करतात, त्यामुळे फर्मीला पृथ्वीची कड प्रखर दिसते. ती कड शिरोबिंदूपासून सुमारे ११३ अंशांवर असते आणि कमी ऊर्जेच्या फोटॉनांची दिशा चुकली की तो प्रकाश आत सांडतो. त्यानंतर जीटीएमकेटाइमने उपकरण ठीक नसल्याच्या वेळा गाळा.

फोटॉन पुरेसे असतील तर दिशेच्या अचूकतेनुसार केलेल्या चार गटांपैकी सर्वांत अस्पष्ट गट सोडून द्या. त्याने चौथाई फोटॉन जातात, पण नकाशा पाहिल्यावर ते गेल्याचं दुःख होत नाही.

पुढे जीटीबिनने चौकटी पाडा: आकाश ४० गुणिले ४० अंश, एक चौकट ०.२५ अंशाची, ऊर्जेच्या दर दशकाला आठ भाग. जीटीएलटीक्यूब आणि जीटीएक्सपीक्यूब-२ या दोन आज्ञांनी दुर्बिणीने कुठल्या दिशेकडे किती वेळ, किती क्षेत्रफळाने पाहिलं ते निघतं. पहिलीला बराच वेळ लागतो, तेव्हा ती रात्री लावून ठेवा.

पार्श्वभूमी: खरी कसोटी

केंद्राकडचा बहुतेक गॅमा प्रकाश तीन मार्गांनी तयार होतो. वैश्विक किरणांतले प्रोटॉन तारकांमधल्या वायूवर आदळतात, त्यातून न्यूट्रल पायॉन निघतात आणि प्रत्येक पायॉन लगेच दोन फोटॉनांत फुटतो. वेगवान इलेक्ट्रॉन त्याच वायूतून जाताना वळतात आणि गॅमा किरण सोडतात. आणि हेच इलेक्ट्रॉन ताऱ्यांच्या प्रकाशाच्या फोटॉनांना ठोकर मारून त्यांची ऊर्जा गॅमापर्यंत चढवतात. याला व्यस्त कॉम्प्टन परिणाम म्हणतात. पहिले दोन मार्ग वायूमागे जातात, तिसरा ताऱ्यांच्या प्रकाशामागे.

म्हणजे वायू कुठे किती आहे हे कळायला हवं. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींवरून मोजतात, रेणुरूप हायड्रोजन कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लहरींवरून. वायूचं अंतर ठरवायचं ते त्याच्या आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगावरून. पण नेमकं केंद्राच्या दिशेला हे साधन निकामी होतं. वायू केंद्राभोवती फिरतो, आणि त्या दिशेला त्याची गती आपल्या दृष्टिरेषेला आडवी असते. जवळचा वायू आणि लांबचा वायू, दोघांचा वेग शून्याजवळ दिसतो. त्यामुळे केंद्राच्या दोन्ही बाजूंच्या सुमारे दहा अंशांत वायूचा नकाशा शेजारच्या भागांवरून अंदाजाने भरलेला असतो. जिथे आपण दहावा हिस्सा शोधतोय, तिथेच नकाशा सर्वांत कच्चा आहे. सगळ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

तिसरा मार्गही सोपा नाही. जुन्या मॉडेलांत केंद्राजवळ वैश्विक किरणांचे उगम फारच कमी धरलेले असत, आणि तारे तर तिथे दाटीने जन्मतात. कार्लसन, लिंडेन आणि प्रोफुमो यांनी २०१६ मध्ये रेणुरूप वायूच्या प्रमाणात केंद्रात उगम घातले, तेव्हा जादा प्रकाश बराच आक्रसला.

माझ्याकडून झालेली चूक इथे सांगते, कारण ती सहज होते. फर्मीबरोबर आकाशगंगेच्या पसरट प्रकाशाचा एक तयार नकाशा मिळतो. पहिल्या वेळी मी तोच बसवला, उरलेल्या प्रकाशाचा नकाशा काढला आणि केंद्रात काहीच मोठं नाही हे बघून दोन दिवस तोच निकाल धरून बसले. मग त्या नकाशाबरोबरची सूचना नीट वाचली. तो नकाशा बिंदुस्रोत शोधण्यासाठी बनवलेला आहे, आणि तो बनवताना याच दुर्बिणीच्या डेटातला न उलगडलेला प्रकाश त्यात भरून घेतलेला आहे. मी जे शोधत होते त्यातलं बरंच काही आधीच वजा करून टाकलं होतं. पसरट जादा प्रकाश शोधायचा असेल तर तो नकाशा वापरू नका.

त्याऐवजी वैश्विक किरणांचा आकाशगंगेतला प्रवास संगणकावर मांडणाऱ्या गॅलप्रॉप या प्रणालीने बनवलेले वेगवेगळे नकाशे घ्या. वायूचा भाग आणि व्यस्त कॉम्प्टनचा भाग निरनिराळे ठेवा आणि दोघांना प्रत्येक ऊर्जेच्या भागात स्वतंत्रपणे वर-खाली होऊ द्या. एका मॉडेलवर थांबायचं नाही. उगमांची मांडणी, वैश्विक किरणांच्या प्रभामंडळाची उंची, ताऱ्यांच्या प्रकाशाची तीव्रता बदलून निदान दहा-बारा संच तयार करा. कलोरे, कोलिस आणि वेनिगर यांनी हीच वाट चोखाळली आणि त्यांचं २०१५ मधलं काम त्यामुळेच टिकून आहे.

यात आणखी तीन थर घालावे लागतात. सगळ्या दिशांनी सारखा येणारा प्रकाश हा पहिला. दुसरा फर्मी बुडबुड्यांचा: सू, स्लॅटियर आणि फिंकबायनर यांनी २०१० मध्ये दाखवलेले, केंद्राच्या वर आणि खाली पन्नास अंशांपर्यंत पसरलेले फुगे. केंद्राजवळ त्यांचा आकार कसा आहे हे ठामपणे ठरलेलं नाही, तेव्हा त्याचेही दोन पर्याय ठेवा. तिसरा थर बिंदुस्रोतांचा. फर्मीच्या चौथ्या सूचीच्या ताज्या आवृत्तीत सात हजारांहून जास्त स्रोत आहेत. केंद्रापासून दोन-तीन अंशांतल्या स्रोतांकडे संशयाने बघा. त्यांतले काही खरे स्रोत नसून जादा प्रकाशाचेच ढेकळांसारखे पकडलेले तुकडे असू शकतात. त्यांना ठेवून एकदा आणि झाकून एकदा, असं दोनदा मोजा. आकाशगंगेच्या प्रतलाच्या दोन अंश वर-खालचा पट्टाही पहिल्यांदा झाकून टाका.

कृष्णद्रव्याचा साचा

नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी संगणकी प्रयोगांतून काढलेली घनतेची रचना घ्या: केंद्राजवळ घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढते, २० किलोपार्सेकच्या पुढे जास्त वेगाने उतरते. जादा प्रकाशाला मात्र आतला उतार १ ऐवजी १.२ ते १.३ घेतल्यावर अधिक चांगला मेळ बसतो. १.२५ पासून सुरुवात करा. विलोपन घनतेच्या वर्गावर चालतं, म्हणून प्रकाशाचा उतार अंतराच्या उणे २.५ घाताने जातो.

प्रत्येक चौकटीसाठी दृष्टिरेषेवर पावलापावलाने चालत घनतेच्या वर्गाची बेरीज करायची. मधल्या चौकटीत इथे हमखास गडबड होते. अगदी केंद्रातून जाणाऱ्या रेषेवर ही बेरीज अनंताकडे जाते. पूर्ण चौकटीवर सरासरी काढली तर उत्तर ठीक येतं, पण चौकटीच्या मध्यबिंदूचीच किंमत घेतली तर तो आकडा तुमच्या पावलाच्या लांबीवर ठरतो. मधल्या काही चौकटी ५० गुणिले ५० तुकड्यांत फोडा, बेरजेची पावलं केंद्राजवळ बारीक करा, आणि तुकडे दुप्पट केल्यावर आकडा टक्काभरही हलत नाही याची खात्री करून पुढे जा.

जुळवणी

आता सगळे थर एकत्र करून प्रत्येक चौकटीत अपेक्षित फोटॉन काढायचे आणि प्रत्यक्ष मोजलेल्यांशी पॉयसाँच्या नियमाने ताडून पाहायचे. प्रत्येक ऊर्जेचा भाग वेगळा जुळवा, वर्णपटाचा आकार आधीच लादू नका. कृष्णद्रव्याचा थर घालून आणि न घालता लॉग-लाइकलिहूडमध्ये (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणाऱ्या आकड्यात) जो फरक पडतो त्याची दुप्पट म्हणजे टीएस. बिंदुस्रोतासाठी २५ हा उंबरठा मानतात. केंद्रातल्या जादा प्रकाशासाठी टीएस शेकड्यांत, कधी हजारांत येईल. त्याने हुरळून जाऊ नका. टीएस फक्त फोटॉनांच्या मोजणीतला चढउतार जाणतो, तुमच्या वायूच्या नकाशातली चूक त्याला कळत नाही.

सगळ्या पार्श्वभूमी-संचांतून निघालेले वर्णपट एकाच आलेखावर काढा. १ ते ५ जीईव्हीमध्ये ते एकमेकांजवळ राहतील, १ जीईव्हीच्या खाली आणि १० च्या वर पंख्यासारखे फाकतील. त्या फाकण्याची रुंदी हीच तुमची खरी त्रुटी. विलोपनातून आधी कुठले कण जन्मतात यावर वर्णपट ठरतो, म्हणून मग तयार तक्त्यांतून बॉटम क्वार्कची जोडी, टाऊ कणांची जोडी वगैरे वाटांचे वर्णपट घेऊन जुळवा. बॉटम क्वार्कला वस्तुमान ४०-५० जीईव्हीच्या घरात येतं, टाऊला दहाच्या आसपास. दर औष्णिक दराच्या इतक्या जवळ येतो की पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. तरीही इथे थांबायचं नाही.

फेरतपासणी

पहिली तपासणी सरकवण्याची. कृष्णद्रव्याचा साचा केंद्रावरून उचला आणि प्रतलावर २०, ३०, ४० अंश दूर, दोन्ही बाजूंना ठेवून तीच जुळवणी करा. त्यासाठी डेटा नव्याने उतरवावा लागतो, पण तो त्रास घ्याच. तिथे कृष्णद्रव्याची गोल चमक असण्याचं काहीच कारण नाही, तरी काही ठिकाणी उणे-अधिक प्रकाश निघेलच. पार्श्वभूमी-मॉडेलची चूक किती मोठी असू शकते, हे ते आकडे सांगतात. केंद्रातला आकडा त्या सगळ्यांच्या वर स्पष्ट उठून दिसतो का, ते बघा.

दुसरी आकाराची. आकाशगंगेच्या फुगवट्यातले जुने तारे गोल पसरलेले नाहीत. ते पेटीसारख्या, थोड्या फुलीसारख्या आकारात आहेत. मिलिसेकंद पल्सार त्या ताऱ्यांबरोबर असणार, कृष्णद्रव्य मात्र गोलसर असणार. दोन्ही साचे एकत्र घाला आणि प्रकाश कुणाकडे जातो ते पाहा. मासियास आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे केलं, तेव्हा तो ताऱ्यांच्या साच्याकडे गेला. वेगळ्या पार्श्वभूमीने उलट निष्कर्ष काढणारे अभ्यासही आहेत. तुमच्या दहा-बारा संचांत हा कौल किती वेळा पालटतो, ते मोजून लिहा.

तिसरी ढेकळांची. कृष्णद्रव्याचा प्रकाश सायीसारखा एकसंध असेल. मंद पल्सारांचा असेल तर काही चौकटींत सरासरीपेक्षा जास्त फोटॉन आणि बऱ्याच चौकटींत कमी, अशी विषमता येईल. ली, लिसांती, साफदी, स्लॅटियर आणि शुए यांनी २०१६ मध्ये या पद्धतीने ढेकळांच्या बाजूने कौल दिला आणि अनेकांना वाटलं, पल्सार जिंकले. २०१९ मध्ये रिबेका लीन आणि ट्रेसी स्लॅटियर यांनी खऱ्या डेटात कृष्णद्रव्याचा खोटा, एकसंध प्रकाश मुद्दाम मिसळला आणि तीच पद्धत पुन्हा चालवली. मिसळलेला प्रकाश पद्धतीला सापडलाच नाही, तिने तोही ढेकळांच्या खात्यात टाकला. आधीच्या निष्कर्षात स्लॅटियर स्वतः सहभागी होत्या. आपल्याच निकालाची अशी परीक्षा घेणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

त्यांची युक्ती तुम्हीही वापरा. फोटॉनांच्या नकाशात ज्ञात दराचा खोटा कृष्णद्रव्य-प्रकाश घाला, पहिल्यापासून सगळी जुळवणी चालवा आणि तेवढाच जादा दर परत मिळतो का ते तपासा. वेगवेगळ्या दरांसाठी शंभरेक वेळा करा. परत मिळालेला आकडा सतत कमी येत असेल तर कुठलातरी दुसरा थर तो प्रकाश गिळतोय. बहुतेक वेळा तो थर व्यस्त कॉम्प्टनचा निघतो.

एक जुना प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१२ मध्ये ख्रिस्टोफ वेनिगर यांनी केंद्राच्या दिशेला १३० जीईव्हीवर एक तीक्ष्ण रेषा दाखवली. अशी रेषा साध्या खगोलीय उगमांतून निघणं फार कठीण, म्हणून खळबळ उडाली. पण पृथ्वीच्या कडेच्या प्रकाशातही तशीच हलकी उसळी दिसली, आणि तिथे कृष्णद्रव्याचा प्रश्नच नव्हता. पुढे डेटा वाढत गेला तशी रेषा विरत गेली. म्हणून वर जी पृथ्वीची कड आपण गाळून टाकली, तिचे फोटॉन फेकू नका. वेगळ्या फाइलीत ठेवा. उपकरणाची सवय ओळखायला तेवढी चांगली जागा दुसरी नाही.

बटुदीर्घिकांवर पडताळा

शेवटचा टप्पा शांत आकाशातला. ड्रॅको, स्कल्प्टर, अर्सा मायनर, सेग्वे-१, रेटिक्युलम-२ यांसारख्या बटुदीर्घिकांत वायू जवळजवळ नाही, तरुण तारे नाहीत, पल्सार फारसे अपेक्षित नाहीत. कृष्णद्रव्य मात्र भरपूर आहे. प्रत्येकीभोवती दहा अंशांचा चौकोन घ्या. हे स्रोत छोटे आणि पार्श्वभूमी सौम्य असल्याने इथे तो तयार नकाशा चालतो. एकेकीतून दहाच फोटॉन येणार हे आपण कागदावर पाहिलं, म्हणून सगळ्यांचे लॉग-लाइकलिहूड एकाच वस्तुमानासाठी आणि एकाच दरासाठी बेरीज करा. मग दर वाढवत न्या. सर्वोत्तम किमतीपासून लॉग-लाइकलिहूड १.३५ ने खाली आला की ती ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा.

जे-घटकाची अनिश्चितता या बेरजेत घातल्याशिवाय मर्यादेला अर्थ नाही. तो घटक दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांवरून काढतात. ड्रॅकोत शेकडो ताऱ्यांचे वेग मोजलेले आहेत, सेग्वे-१ सारख्या अतिमंद दीर्घिकेत काही डझनांचेच. एखादा तारा जोडताऱ्यांपैकी निघाला तरी तिथला आकडा हलतो. शिवाय बटुदीर्घिकांपासून दूर, रिकाम्या आकाशात काहीशे बिंदू यादृच्छिक निवडा आणि तीच बेरीज तिथे चालवा. टीएस किती वेळा ४ किंवा ९ च्या वर जातो ते मोजा. पुस्तकी सूत्र सांगतं त्यापेक्षा जास्त वेळा जाईल, कारण सूचीत न आलेले मंद स्रोत आकाशभर विखुरलेले आहेत.

फर्मीच्या चमूने २०१५ मध्ये १५ बटुदीर्घिकांच्या सहा वर्षांच्या डेटातून बॉटम क्वार्कच्या वाटेसाठी सुमारे १०० जीईव्हीपर्यंतच्या वस्तुमानांना औष्णिक दराच्या खालची मर्यादा लावली. केंद्रातल्या जादा प्रकाशाला लागणारा दर त्या मर्यादेला येऊन भिडतो.

तुमचा शेवटचा आलेख हाच असू द्या: आडव्या अक्षावर वस्तुमान, उभ्या अक्षावर दर, केंद्रातून निघालेला पट्टा आणि बटुदीर्घिकांची रेषा. पट्टा प्रत्येक पार्श्वभूमी-संचासाठी वेगळा काढा. आणि एक गोष्ट न चुकता करा. केंद्राचा जे-घटक सूर्याजवळच्या कृष्णद्रव्याच्या घनतेच्या वर्गावर अवलंबून आहे, आणि ती घनता घन सेंटिमीटरला ०.३ ते ०.४ जीईव्ही धरतात. ०.३ ऐवजी ०.४ घेतली की लागणारा दर जवळजवळ १.८ पटीने खाली येतो. मर्यादेच्या वर असलेला पट्टा तेवढ्याने तिच्याखाली सरकू शकतो. तेव्हा कुठली घनता घेतली, आतला उतार किती धरला आणि प्रतलाचा किती पट्टा झाकला, हे तीन आकडे आलेखाच्या कोपऱ्यात छापूनच तो दुसऱ्याला दाखवा.